बारीकराव आणि सराटे

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळी गल्ली बारीकराव म्हणते. ते अंगाने चांगले जाडजूड आहेत, त्यामुळे नव्या माणसाला ही थट्टा वाटते. तसं नाही. चाळीस वर्षं त्यांनी चौकातल्या सलूनमध्ये लोकांचे केस कापले, आणि खुर्चीत कुणीही बसलं की मानेभोवती कापड बांधता बांधता ते एकच विचारत, "बारीक करू ना?" समोरचा काहीही म्हणाला तरी ते बारीकच करत. मला एकदा मुलाखतीला जायचं होतं म्हणून "थोडेच कापा" असं सांगून पाहिलं होतं. मुलाखतीत साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो, "आजारातून उठलात का?" नोकरी मिळाली, ती गोष्ट वेगळी.

ती नोकरी नकाशांच्या कचेरीत होती. दुसऱ्याने काढलेली रेघ पातळ कागदावर जशीच्या तशी गिरवायची, एवढंच काम मी जन्मभर केलं. लिहिण्याचा सराव नाही. बारीकरावांची ही हकिगतही मी जशी पाहिली तशीच गिरवणार आहे. मधे स्वतःचं काही घालायला गेलो तर रेघ वाकडी जाईल.

बारीकरावांनी सलून सोडलं ते कुणी सांगितलं म्हणून नाही. एका सकाळी दाढी करताना त्यांचा हात किंचित थरथरला. गिऱ्हाइकाला कळलंही नाही. त्यांनी ती दाढी पुरी केली, वस्तरा धुतला, पुसला, आणि त्या दिवसापासून पुन्हा कुणाच्या गळ्याला लावला नाही. दुकान हाताखालच्या कारागिराला दिलं आणि घरी येऊन बसले. बसले म्हणजे काय, चार दिवस बसले. पाचव्या दिवशी त्यांची नजर घरासमोरच्या हिरवळीवर गेली.

ही हिरवळ म्हणजे वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद असा गवताचा तुकडा. एका बाजूला त्यांची पायरी, दुसऱ्या बाजूला आमच्या दोघांच्या मधली कमरेएवढी भिंत, रस्त्याकडे कुंपण. भिंतीत एक फट आहे, तिच्यातून मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो. तर त्या गवताला बारीकरावांनी गिऱ्हाईक केलं. ढकलायचं कापणी-यंत्र आणलं, त्याचं पातं अगदी तळाशी लावलं आणि दर रविवारी सकाळी जमिनीला घासून गवत कापायला सुरुवात केली. कडा जुन्या कात्रीने सारख्या करायच्या. मग डोक्यावर फवारा मारतात तसं रोज दहा मिनिटं नळीनं पाणी शिंपडायचं. काम झालं की चार पावलं मागे सरकून मान तिरपी करून बघायचं. मागून आरसा दाखवायचा तेवढा बाकी राहायचा.

दिसायचंही छान, पहिलं वर्षभर. पुढे गवत जरा पिवळट दिसायला लागलं, मधूनमधून माती डोकावायला लागली. बारीकराव म्हणाले, ऊन जास्त आहे यंदा. मी म्हणालो, असेल. मला गवतातलं काही कळत नाही, आणि कळत असतं तरी मी बोललो नसतो.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणतो. पूर्वी वहिनी चालत नसत, सुटत. सलूनचे पन्नास पन्नास टॉवेल धुऊन, वाळवून, घड्या घालून, बारा वाजायच्या आत दुकानात पोचवून त्या परत यायच्या, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला न थांबता उत्तर द्यायच्या. अशा बाईला गेल्याच्या आदल्या थंडीत अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. बोलणं वाचलं, बुद्धी वाचली, जिभेची धारही वाचली. पण चालणं गेलं.

व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई घरी यायच्या. वयाने मुलीसारख्या, पण बोलायला कडक. दोन महिन्यांत त्यांनी वहिनींना काठी धरून उभं केलं. मग घरातल्या बोळात चालवायला लागल्या. तिथे गुळगुळीत फरशी. एकदा पाय सरकला आणि वहिनी दोन दिवस अंथरुणावर होत्या. तेव्हा त्या बाईंनी हिरवळीकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, रोज सकाळी अनवाणी गवतावर चालवा. पाय सरकणार नाही, पडल्या तरी हाड मोडणार नाही, आणि तळव्याला काहीतरी लागत राहील तर तो पाय जागा होईल. चप्पल नको, डाव्या पायातून ती निसटते आणि तिच्यातच त्या अडखळतात. आणि जाताना दारात थांबून त्यांनी बारीकरावांना हळूच सांगितलं, "हे काही महिने हातचे सोडू नका. खुर्चीत बसलेलं माणूस पुढे खुर्चीचंच होतं."

हे वाक्य बारीकरावांनी मला त्या दिवशी तीनदा सांगितलं.

पहिले तीन दिवस बरे गेले. वहिनी पायरीपासून निघून आठ-दहा पावलं टाकायच्या, बारीकराव मागे हात पसरून, जणू टोपली पडणार आहे. चौथ्या दिवशी मी भिंतीशी उभा होतो. वहिनींनी उजवा, चांगला पाय पुढे टेकवला आणि एकदम ओरडल्या. पाय उचलला. आता सगळा भार डाव्या पायावर आला, आणि तो काही भार घेणारा पाय नव्हता. बारीकरावांनी त्यांना धरलं म्हणून डोकं पायरीवर आपटलं नाही, पण दोघेही खाली बसले. पायात काटा होता. वहिनी त्या काट्याकडे बघत नव्हत्या. त्या हिरवळीकडे बघत होत्या, अंगावर धावून आलेल्या कुत्र्याकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेर यायला साफ नकार दिला. समजूत घालून झाली, व्यायामाच्या बाई रागावून झाल्या. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

बारीकराव गुडघ्यांवर बसले आणि हिरवळीत शोधायला लागले. मी फटीतून आत गेलो. काय मिळालं ते त्यांनी मला तळहातावर ठेवून दाखवलं. सराटा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हे झुडूप उभं वाढत नाही, जमिनीला चिकटून ताटलीसारखं पसरतं. पानं चिंचेच्या पानासारखी, जोडीजोडीनं. फूल पिवळं, इतकं साधं की कुणालाही वाटावं, असू दे बिचारं. त्या फुलाचं फळ होतं आणि वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला काटे असे, की तो कसाही पडला तरी एक काटा आभाळाकडे.

"कापणीतून हा सुटलाच कसा?" बारीकराव म्हणाले. त्यांना त्याचाच अपमान वाटला होता. सगळ्या हिरवळीला ते पातं लावत होते आणि हा पठ्ठ्या पात्याच्याही खाली झोपून होता.

त्या दिवशी त्यांनी बासष्ट झुडपं उपटली आणि कोपऱ्यात ढीग केला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेवढीच उगवली. ढीग घातला होता त्याच्याभोवती तर नव्या रोपांची माळच झाली होती, कारण उपटलेल्या झुडपांवरची फळं तिथेच वाळून गळली होती. पुन्हा उपटली. या वेळी गोणीत भरून जाळली. तरी पुन्हा आली.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी लपवली असती तर बरं वाटलं असतं. एका संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढली तेव्हा तळाला काहीतरी टोचलं. उलटी करून बघितली. दोन्ही चपलांच्या तळात मिळून अकरा सराटे रुतलेले होते. माझ्या घरामागे एक अरुंद पट्टा आहे, पाण्याची टाकी आहे तिथे. रोज संध्याकाळी मी टाकीचा नळ बंद करायला तिथून जातो, आणि तसाच फटीतून बारीकरावांच्या हिरवळीवर. दुसऱ्या दिवशी उजेडात तो पट्टा पाहिला. पाऊल ठेवायला जागा नव्हती. गेली दोन वर्षं मी रोज संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात काटे पेरत होतो.

दोन दिवस मी त्यांच्याकडे गेलो नाही. सर्दी झाल्याचं कळवलं. तिसऱ्या दिवशी चपला हातात घेऊन फटीशी उभा राहिलो आणि त्या त्यांच्यासमोर उलट्या धरल्या. बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो.

बारीकरावांनी चपला पाहिल्या, मग मला पाहिलं. मला वाटलं, आता बिनपाण्याने होणार. ते आत गेले, विळा आणि गोणी घेऊन आले आणि म्हणाले, "चला, मागचा पट्टा दाखवा." त्या उन्हात आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी मिळून पट्टा साफ केला. काम संपल्यावर एवढंच म्हणाले, "भाऊ, उद्यापासून चपला भिंतीपलीकडे." खिडकीतून वहिनींचा आवाज आला, की आणि सर्दीही तिकडेच ठेवा.

याच सुमारास त्यांची मुलगी आली. ती दुसऱ्या गावी असते, नोकरी, संसार, सगळं सांभाळून धावत येते. आईला खुर्चीत बघून ती आत जाऊन रडली, आणि बाहेर येऊन कामाचं बोलली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वडिलांचं वय सत्तरीला टेकलेलं, ते दिवसभर मातीत रांगतायत, आणि आई खिडकीत. यापेक्षा सगळी हिरवळ उखडून तिथे खडबडीत फरशी घालावी, कडेने धरायला दांडा लावावा. काटा नाही, कटकट नाही. बारीकराव म्हणाले, फरशीवर ती पडली तर? मुलगी म्हणाली, गवतावर पडलीच ना?

मग तिने दुसरा पर्याय काढला, औषध मारण्याचा. बारीकराव दुकानात जाऊन चौकशी करून आले. दुकानदाराने सांगितलं की औषधाने उगवलेलं मरेल, पण जमिनीत पडलेलं बी तसंच राहील, ते पुन्हा उगवेल, पुन्हा मारावं लागेल, आणि मारल्यावर काही दिवस त्यावर अनवाणी चालू नका. बारीकरावांनी बाटली परत काउंटरवर ठेवली. जिथे तिचा उघडा पाय पडायचा, तिथे मी विष शिंपडू का, असं ते मला म्हणाले. मुलीला त्यांनी सांगितलं, "मला थंडी सुरू होईपर्यंत वेळ दे. तोवर ही जागा तुझ्या आईच्या पायाजोगी झाली नाही तर घाल तुझी फरशी. मी स्वतः पाटी उचलीन."

मुलीने कबूल केलं. फरशीवाल्याला तिने थंडीतली तारीख देऊन ठेवली आणि गेली.

आता बारीकराव हट्टाला पेटले खरे, पण नुसत्या हट्टाने सराटा मरत नाही. महिनाभर उपटूनही तो येतच राहिला तेव्हा त्यांनी मैदानमामांना बोलावलं. हे मामा मोठ्या खेळाच्या मैदानाची निगा राखतात, आणि वर्षानुवर्षं बारीकरावांचं गिऱ्हाईक. आले, पायरीवर बसले, हिरवळीकडे बघत चहा संपवला. मग उठून एका ठिकाणी बोटाने माती खरवडली.

"कोण कापतं हे?" त्यांनी विचारलं.

"मीच. दर रविवारी."

"ते दिसतंच आहे. माझंही असंच करायचास. मी बायकोला घाबरून महिनाभर टोपी घालायचो." मामांनी माती झटकली. "अरे, हे गवत आहे का टक्कल? गवत जरा उंच राहिलं तर खाली सावली पडते, त्या सावलीत सराट्याचं बी रुजत नाही. तू सावलीच काढून टाकलीस. वर रोज दहा मिनिटं पाणी शिंपडतोस, ते वरच्या वर सुकतं, गवताची मुळं वरच राहतात आणि उन्हात मरतात. मोकळी झालेली जागा कुणाला? त्याला. या भाऊंनी चपलेतून बी आणलं असेल, पण अंथरूण घालून ठेवलंस तू."

बारीकराव वाकून ती खरवडलेली माती बघत होते. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो, पण कुणी त्यांच्या कापण्याला नाव ठेवलेलं आणि त्यांनी ऐकून घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "किती ठेवू?"

मामांनी तीन बोटं आडवी धरली. याच्या खाली पातं न्यायचं नाही. पाणी आठवड्यातून दोनदाच, पण भरपूर, माती वीतभर ओली होईल इतकं. मोकळ्या जागी चांगल्या गवताच्या काड्या लावायच्या. सराट्याचं रोप दिसेल तेव्हा, फूल यायच्या आत, मुळापासून काढायचं. वरचं तोडून उपयोग नाही. आणि बी जमिनीत चार-पाच वर्षं जिवंत राहतं, हे लक्षात ठेवायचं.

"पाच वर्षं?" मी म्हणालो.

"मग पाच वर्षं," बारीकराव म्हणाले.

पुढचा रविवार मला आठवतो. सकाळी त्यांनी सवयीने यंत्र बाहेर काढलं. हिरवळीच्या कडेला उभं केलं. गवत बोटभर वाढलं होतं, वारा आला की हलत होतं. त्यांचे हात शिवशिवत होते हे मला भिंतीवरून दिसत होतं. शेवटी त्यांनी यंत्र उलटं केलं, पाना घेतला आणि पातं जितकं वर जाईल तितकं वर चढवून टाकलं. नट इतका आवळला की पुढे मोह झाला तरी ढिला होऊ नये. मग कात्री उचलून आत ठेवून आले.

गल्लीला विषयच मिळाला. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, काय बारीकराव, दुकान बंद? एकाने विचारलं, लॉनला कवी करायचंय का? आणखी एकाने सुचवलं की भांगही पाडा आता. बारीकराव पहाटे उठून एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गुडघ्यांवर बसत आणि हिरवळीची एक एक पट्टी तपासत. रोप दिसलं की मुळाशी टोक घालून अलगद उचलत. पडलेले काटे गोळा करायची त्यांची स्वतःची युक्ती होती. गोणपाट ओलं करून सगळ्या गवतावरून हळूहळू ओढत न्यायचं, की काटे त्यात अडकतात. मग पायरीवर बसून गोणपाटातला एक एक काटा चिमट्याने वेचायचा. मोकळ्या जागांत त्यांनी गवताच्या काड्या लावल्या, वीतभर अंतरावर. पहिले पंधरा दिवस त्यांनी माना टाकलेल्या बघून वहिनी म्हणाल्या, गिऱ्हाईक रुसलंय.

वहिनी खिडकीतून सगळं बघत असत. बोलत सगळ्यावर, पण उठत नसत. खुर्चीतल्या खुर्चीत हातपाय हलवायचे व्यायाम करायच्या, तेवढंच. एकदा बारीकराव आत येऊन म्हणाले की आता पुष्कळ साफ झालंय, उद्या दोन पावलं टाकून बघायची का? वहिनींनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"तुम्ही चपला घालून साफ झालं म्हणताय," त्या म्हणाल्या. "आधी स्वतः चाला."

त्या दिवसापासून बारीकराव अनवाणी झाले. रोज सकाळी सगळी हिरवळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पावलाला पाऊल लावून. जाड माणूस, त्यात गुडघे दुखरे, काटा घुसला की एका पायावर उभं राहणं हे मोठंच काम. पण ते कण्हत नसत. काटा काढून डबीत टाकत आणि त्याच जागेवरून पुढे चालू लागत. त्यांनी स्वतःसाठी नियम केला: लागोपाठ दहा दिवस एकही काटा लागला नाही, तरच वहिनींना बाहेर बोलवायचं. एक जरी लागला, तरी पहिल्यापासून.

संध्याकाळी वहिनी त्यांना समोर बसवून टाचा बघायच्या. कधी कधी काट्याचं टोक आत मोडलेलं असे. उजव्या हातात सुई, आणि टाच धरायला डावा हात. तो हात सुरुवातीला मांडीवरून वर येत नसे. त्या उजव्या हाताने तो उचलून टाचेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "धर मेल्या." आधी तो नुसताच पडून राहायचा. एक दिवस मी तिथे होतो, तेव्हा त्याने टाच धरली. फार घट्ट नाही. बारीकरावांनी माझ्याकडे पाहिलं.

दिवस मोजायला त्यांनी खिडकीच्या चौकटीवर खडूने रेघा मारल्या होत्या. चार रेघा झाल्या की पाचव्या दिवशी काटा. पुसा. सहा झाल्या की काटा. पुसा. एकदा आठ झाल्या आणि नवव्या दिवशी कुंपणालगत, जिथे कुणी चालणारही नव्हतं, तिथे त्यांच्या करंगळीला टोचलं. मी म्हणालो, तो कोपरा सोडून द्या, वहिनी तिकडे कशाला जातील? मी चांगुलपणानेच सुचवलं होतं. बारीकराव फडकं ओलं करून रेघा पुसत होते. म्हणाले, "भाऊ, तिला कुठे जायचं ते ती ठरवील. तुम्ही नका ठरवू." मी त्यानंतर काही सुचवलं नाही.

मात्र गवत दाट होत चाललं होतं, हे मलाही दिसायला लागलं. काड्या रुजल्या, एकमेकींत मिसळल्या. बोटं घालून बाजूला केल्याशिवाय माती दिसेना. पूर्वी रोज वीस रोपं निघायची, ती पाचावर आली, मग एक-दोन. निघायची तीही लांबट, फिकट, सावलीत खुरटलेली.

थंडी लागली आणि ठरल्याप्रमाणे मुलगी आली. चौकटीवर सहा रेघा होत्या. ती हिरवळीवर हात फिरवून आली, चांगलं झालंय म्हणाली, पण आईला खुर्चीतच बघून तिचा चेहरा उतरला. फरशीवाला तीन दिवसांनी येणार होता. आज तरी आईला बाहेर काढून बघू या, असं तिने वडिलांना विनवलं. बारीकराव म्हणाले, सहा झालेत, दहा व्हायला हवेत. मुलगी म्हणाली, बाबा, असा कसला हो हा हट्ट? चार दिवसांनी काय होणार आहे? बारीकरावांनी सांगितलं की पुन्हा एकदा तिला काटा लागला तर ती जन्मात पायरी उतरणार नाही, आणि तो धोका मी घेणार नाही.

सात झाल्या. आठ झाल्या. नवव्या दिवशी सकाळी बारीकराव चालून आले, तळवे दोनदा पुसून पाहिले आणि नववी रेघ मारली. खडू खाली ठेवतात तोच दारात फरशीवाला उभा. त्याच्या खांद्याला पिशवी, हातात टेप. मुलीने त्याला थांबायला सांगितलं असतं, पण तो कामसू माणूस, भिंतीपलीकडे मी उभा होतो, त्याने टेपचं एक टोक भिंतीशी दाबून धरायला मला दिलं आणि दुसरं ओढत पायरीकडे निघाला. मी टेप धरून उभा राहिलो. मला नाही म्हणता आलं नाही. हिरवळीवर ती पिवळी पट्टी ताणली गेली.

बारीकराव नुसते बघत होते. शब्द दिला होता, तो मोडणारा माणूस नव्हे. उद्याचा एक दिवस मागावा, एवढंही त्यांनी केलं नाही.

आतून काठी टेकल्याचा आवाज आला. वहिनी दारात उभ्या होत्या. खुर्चीतून दारापर्यंत त्या एकट्या आल्या होत्या.

"टेप उचला," त्या फरशीवाल्याला म्हणाल्या. "मला जायचंय."

बारीकराव धावले. म्हणाले, अगं, अजून एक दिवस राहिलाय.

"तो तुमचा हिशेब. पाय माझे आहेत."

फरशीवाल्याने टेप सोडला, तो सर्रकन येऊन माझ्या बोटांवर बसला. वहिनींनी काठी खाली टेकवली, डावा पाय उचलून पुढे घेतला आणि पहिल्यांदा तोच गवतावर ठेवला. थांबल्या. मग उजवा. बारीकराव मागे हात पसरून होतेच. मुलगी पायरीवर तोंडाशी हात धरून. तिसरं पाऊल, चौथं. पाचव्याला त्या डगमगल्या, पण काठीने सावरलं. सहाव्यापासून त्यांनी खाली बघणं सुरू केलं, अगदी पावलापुढची जागा न्याहाळत. मधोमध आल्यावर त्या एकदम थांबल्या.

वहिनींनी उजव्या पायावर भार देऊन काठी उचलली आणि तिचं टोक गवतात घातलं.

"अहो, हे काय आहे?"

बारीकराव गुडघ्यांवर बसले. गवत दोन बोटांनी बाजूला केलं. चिंचेच्या पानासारखी चार-पाच पानं, नखाएवढं रोप. इतके दिवस रोज तिथून जाऊनही त्यांना ते दिसलं नव्हतं. चालणाऱ्याला दिसत नाही, हळू चालणाऱ्याला दिसतं. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, मुळासकट रोप उचललं आणि वर धरून दाखवलं. वहिनींनी मान हलवली आणि पुढचं पाऊल टाकलं.

माझ्या भिंतीपर्यंत चौदा पावलं झाली. भिंतीला हात टेकून त्या थोडा वेळ दम खात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "भाऊ, तोंड मिटा, माशी जाईल." मग वळल्या आणि परत निघाल्या.

फरशीवाल्याने टेप उचलून पिशवीत टाकला होता. मुलीकडे बघून त्याने विचारलं की माप घ्यायचं का राहू द्यायचं. तिने डोळे पुसत हातानेच नको म्हटलं आणि त्याला चहाला थांबवलं.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. वहिनी रोज सकाळी हिरवळीच्या चार फेऱ्या मारतात. डावा पाय अजून घासतो, काठी सुटलेली नाही, आणि पूर्वी सुटत तशा त्या पुन्हा सुटणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. पण त्या नुसत्या चालत नाहीत. त्यांनी हिरवळीच्या पट्ट्या पाडल्या आहेत आणि रोज एक पट्टी तपासतात. काठी जिथे टेकेल तिथे बारीकरावांनी बसायचं. आठवड्याला एखाददुसरं रोप निघतं. निघालं नाही तर वहिनी नाराज होतात, म्हणजे आपणच बघताना चुकलो असं त्यांना वाटतं.

मीही आता घरामागचा पट्टा दर आठवड्याला बघतो आणि त्यांच्याकडे अनवाणी जातो. काल गेलो तेव्हा दोघे पायरीवर बसले होते. बारीकराव गुडघे चोळत होते. मी विचारलं, आज काही मिळालं का? ते म्हणाले, काही नाही, आज सुट्टी. वहिनींनी काठीने कुंपणाकडे दाखवलं.

"तो कोपरा राहिलाय," त्या म्हणाल्या. "उद्या तिथून सुरू करायचं. आणि अहो, जरा लवकर उठा."